चौऱ्याहत्तराव्या दिवशीची बाई

समज, तू एका गावचा ठाणेदार आहेस. खरा नव्हे, संगणकावरच्या खेळातला. पण घटकाभर खराच समज. तुझ्या निवृत्तीला नव्वद दिवस उरलेत. रोज सकाळी ठाण्याच्या अंगणात बारा शिपाई रांगेत उभे राहतात आणि त्यांची हजेरी तू घ्यायची. एकाची बायको बाळंतपणाला टेकली आहे, एकाचा गुडघा कालच्या धावपळीत सुजलाय, एक जण आजही पिऊन आलाय आणि नेमका तोच तुझा सगळ्यात हुशार माणूस आहे. तेवढ्यात फोन वाजतो. बसस्थानकावर हाणामारी. तो खाली ठेवावा तर दुसरा. विहिरीवर गर्दी जमलीय, आत कोणीतरी आहे. कोणाला कुठं धाडायचं ते तू ठरवायचं, कारण सगळीकडे पुरतील एवढी माणसं तुझ्याजवळ नाहीत. ठरवण्यात चूक झाली, तर दुसऱ्या दिवशीच्या रांगेत एका माणसाएवढी फट दिसते. खेळ ती फट बुजवत नाही. उरलेले अकरा जण सरकून जवळ येत नाहीत, जिथल्या तिथं उभे राहतात, आणि त्या फटीतून मागचं कडुनिंबाचं झाड दिसतं. या खेळाचं नाव ‘हजेरी’. आता आणखी एवढंच समज, की तुझ्याआधी तीनशे सत्तेचाळीस लोक हा खेळ खेळून गेलेत आणि खेळाच्या पानाखाली प्रत्येकानं आपलं मत लिहून ठेवलंय. सगळे एकाच गावी जाऊन आलेत, पण कोणाच्या खुणा कोणाशी जुळत नाहीत. एवढं मनात धर, म्हणजे यवतमाळच्या एका घरात, मे महिन्यातल्या दुपारी, नंदकिशोर आबाजींच्या डाव्या कानाची पाळी एकाएकी गरम का झाली ते तुला कळेल.

कानाची पाळी गरम होणं ही त्यांची जुनी खूण होती. लहानपणी गुरुजींनी नाव पुकारलं की व्हायची, आणि पुढं चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखकाची नोकरी केली तेव्हा न्यायाधीशसाहेबांनी मध्येच थांबून त्यांच्याकडे बघितलं की व्हायची. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. आता एकाहत्तराव्या वर्षी कानाला काही काम उरलं नाही असं ते समजून होते. खोलीत कूलरचा एकसुरी घर्घराट चालला होता. वाळ्याचा ओला वास येत होता. समोर नातीचा लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर कोणा अनोळखी माणसानं लिहिलेलं एक वाक्य होतं : “ही भाषा एखाद्या पोरीची नाही. हे खेळ काढणाऱ्यांनीच कोणाकडून लिहवून घेतलंय. असलं काही खेळात नाही.” खाली तेवीस जणांनी सहमतीचे अंगठे दाखवले होते. त्याच्याखाली आणखी एकाचं : “मी चार वेळा खेळलो. म्हातारी काही बोलत नाही. पुरावा दे, नाहीतर काढून टाक.” त्यांनी ते पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. ही भाषा एखाद्या पोरीची नाही. बरोबर होतं. पोरीची नव्हतीच. त्यांची होती.

पोरगी म्हणजे स्पृहा, त्यांच्या मुलाची मुलगी, नेरची. तेरा वर्षांची, यंदा नववीत जाणारी, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीआबाजींकडे आलेली. आज सकाळी पोह्यांतले शेंगदाणे वेचून ताटलीच्या कडेला लावता लावता ती म्हणाली होती, “आबाजी, मी माझं मत संध्याकाळी काढून टाकते. लोक मले लबाड म्हणून राह्यले. कटकट नाई पाह्यजे.” हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की कुंदाबाई, तिची आजी, नुसतं “पोहे संपव आधी” म्हणाल्या आणि विषय तिथंच राहिला. पण नंदकिशोरांच्या मनात तो राहिला नाही. म्हणून ती मैत्रिणीकडे गेल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला होता. मूल खोटं ठरवलं जातंय आणि ते मूल आपणच सांगितलेलं खरं आपल्या हातानं पुसायला निघालंय, हे त्यांना बघवत नव्हतं. लोक का विश्वास ठेवत नाहीत ते शोधायला ते बसले होते. आणि सापडला तो स्वतःचाच हात.

आठ दिवसांपूर्वी ती वहीतले दोन कागद घेऊन आली होती. “आबाजी, यातल्या चुका काढून द्या. सगळ्यायच्या समोर टाकायचं हाय.” त्यांना इतका आनंद झाला होता, की लाल पेन शोधायला त्यांनी तीन खण उपसले. दीड पान होतं तिचं. काय होतं त्या दीड पानात, ते आता त्यांना आठवत नव्हतं. आंबा होता कुठंतरी. आजी होती. ‘मग’ हा शब्द पुष्कळ वेळा होता. त्यांनी पाऊण तास बसून त्याच्या चार ओळी केल्या आणि कागद आंब्याच्या सालींबरोबर डब्यात गेले. त्या चार ओळी पडद्यावर अजून होत्या. “सदर खेळाच्या चौऱ्याहत्तराव्या दिवशी एक वृद्ध महिला ठाण्यात उपस्थित होते. खेळाडूने कोणताही पर्याय न निवडल्यास सदर महिला आपले निवेदन पूर्ण करते. तदनंतर कथानकात महत्त्वपूर्ण बदल घडून येतो. सबब खेळाडूंनी संयम बाळगावा.” तेव्हा त्यांना या ओळी किती नेटक्या वाटल्या होत्या. आता त्या एखाद्या नोटिशीसारख्या भिंतीवर डकवलेल्या दिसत होत्या, आणि आजूबाजूला तीनशे सत्तेचाळीस माणसं मोकळ्या गळ्यानं बोलत होती.

कारण ती माणसं खरंच बोलत होती. नंदकिशोर एक मत वाचायचं म्हणून वाचायला लागले आणि त्यांना थांबता येईना. “कथा कडक. कारभार मात्र डोक्याला ताप. रोज बारा जणांची रडगाणी ऐकायची, आपण ठाणेदार की अंगणवाडीची बाई?” असं एकानं लिहिलं होतं. त्याच्याखाली दुसऱ्यानं, “साठ तास खेळलो. निवड काहीही करा, शेवट तोच. साठ तास पाण्यात.” आणि लगेच तिसऱ्यानं, “शेवट तोच आहे हे खरं, पण तिथं पोचेपर्यंत मी तो राहिलो नाही. पाचपैकी पाच.” फुलसावंगीच्या एका पोरानं लिहिलं होतं, की आमच्याकडे रेंज नाही, मी पुसदला मावशीकडे येऊन खेळतो, मावशी विचारते अभ्यास करतोस का, मी म्हणतो माणसं सांभाळतोय. एका बाईनं फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या : “एकसष्टाव्या दिवशी माझा शिपाई गेला. मी त्याला आजारी असताना धाडलं होतं.” आणि एक मत असं होतं, की ते वाचून नंदकिशोरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “माझे वडील पोलिसात होते. त्यांना हा खेळ दाखवला. वीस मिनिटं बघत बसले. मग उठून बाहेर गेले. रात्री जेवताना म्हणाले, ती फट बरोबर दाखवलीय.”

चौतीस वर्षं त्यांनी साक्षीदार ऐकले होते. एकच मारहाण चार जणांनी पाहिलेली, आणि चौघांच्या चार. एकाला काठी आठवते, एकाला शिवी, एकाला फक्त मारणाऱ्याचा फाटका बनियन. नवखे होते तेव्हा त्यांना वाटायचं, चारांपैकी तीन खोटं बोलतायत. पुढं वाटेनासं झालं. पण इथं हे शेकडो लोक, ज्यांना कोणी समन्स पाठवलं नाही, पिंजऱ्यात उभं केलं नाही, शपथ दिली नाही, ते आपणहून येऊन सांगत होते, की मी तिथं होतो, माझ्या हातून हे झालं. चार पोरांनी एका खोलीत बसून बनवलेलं खोटं गाव, त्यातली खोटी माणसं. आणि त्यांच्यासाठी ही खरी माणसं कबुली देत होती. नंदकिशोरांच्या अंगावर त्या उन्हाळ्यातही काटा आला. देवळाच्या गाभाऱ्यात वाकून शिरताना डोक्यावरून जो गारवा सरकतो, तसा काहीसा. एवढं सगळं माणसांच्या पोटात असतं, आणि ते बाहेर यायला एक खेळ लागतो.

आणि त्यांच्या पोटातलं? कोर्टात साक्ष टाइप करण्याची एक रीत होती. साक्षीदार बोलायचा. वकील विचारायचे. टाइपरायटरवर लघुलेखकाची बोटं नुसती अधांतरी थांबायची. साक्षीदाराचं बोलणं थेट कागदावर यायचं नाही. साहेब ते ऐकायचे, मनात गाळायचे आणि शुद्ध भाषेत सांगायचे, ‘मी’ लावून, जणू साक्षीदारच तसं बोलला. “मले का मालूम जी, मी त वावरात होतो” याचं “घटनेच्या वेळी मी शेतात होतो” व्हायचं. मग बोटं चालायची. ते काही वाईट नव्हतं. कोणी लबाडी करत नव्हतं. दिवसाला पाच साक्षी व्हायच्या, पंख्याखाली फायलींचे गठ्ठे, बाहेर झाडाखाली माणसं ताटकळत. सगळं लिहायला बसलं तर गाडाच चालायचा नाही. नंदकिशोरांना ही रीत इतकी अंगवळणी पडली, की पुढं पुढं साहेबांनी सांगायच्या आधीच त्यांना वाक्य कळायचं. माणूस बोलायला लागला की त्यांच्या डोक्यात गाळण सुरू व्हायची. घरी कुंदाबाई भाजी आणायला जाऊन काय काय झालं ते सांगायच्या, आणि यांच्या डोक्यात तयार व्हायचं : मी भाजी आणली. मला अधिक काही सांगायचे नाही.

रुपीबाई नावाच्या एका साक्षीदाराचं वाक्यही असंच त्यांच्या बोटांत आधीच आलं होतं. मुकुटबनकडची होती, पन्नाशीची असेल, पदर डोक्यावरून दोन्ही हातांनी धरून पिंजऱ्यात उभी. शेजारच्या रामरावावर खटला होता. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या वादात, बाजाराच्या दिवशी, त्यानं एकाचं डोकं फोडलं म्हणून. ती म्हणाली, “मी पाह्यलं नाई जी.” आणि मग थांबली नाही. त्याच वेळी तिची गाय अडली होती. वासराचे पाय आधी आले होते. घरचे सगळे बाजारात गेलेले. ती ओरडली तर एक जण धावत आला, त्यानं कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवलं, आणि मग तो तिच्या ओट्यावर बसून चहा प्याला, आणि वासराच्या कपाळावर पांढरा चांद होता. “थोच रामराव जी,” असं ती म्हणाली का? म्हणाली. अगदी शेवटी, पदरात तोंड घालून, वासराच्या चांदाच्या मागोमाग. वकील तोवर कागद चाळत होते. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि सांगितलं, “मी घटना प्रत्यक्ष पाहिली नाही. मला याबाबत अधिक माहिती नाही.” नंदकिशोरांची बोटं क्षणभर अधांतरीच राहिली. कान गरम झाला. साहेबांनी वर बघितलं. मग बोटं चालली. आणि रीतच होती, म्हणून ते दोन वाक्यांचं निवेदन तिला वाचूनही त्यांनीच दाखवलं. बरोबर आहे का बाई? रुपीबाई त्यांच्याकडे बघत म्हणाली, “तुमी लिवलं म्हंजे बराबरच असन, बापू.” तिनं अंगठा उठवला. रामरावाला तीन वर्षांची शिक्षा झाली. हे त्यांनी कुंदाबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं तरी काय? सांगितलं ते टाइप केलं. त्यांची नोकरीच ती.

“आबाजी, तुम्ही माझा लॅपटॉप कायले उघडला?”

स्पृहा दारात उभी होती, उन्हानं लाल झालेली, हातात सायकलची किल्ली. नंदकिशोर दचकले. चोरी पकडल्यासारखं त्यांनी झाकण अर्धं मिटलं.

“वाचत होतो,” ते म्हणाले. “लोकांची मतं.”

“समदी?”

“दोनशे झाली असतील.”

ती आत आली, माठातलं पाणी प्याली, तोंड पुसलं. “मग? तुम्हालेही खोटंच वाटते ना?”

याचं खरं उत्तर फार वाईट होतं. आठ दिवसांपूर्वी ते दीड पान गाळताना त्यांनीही ते खरं मानलं नव्हतं. लेकरू आहे, झोपेत पेंगता पेंगता काही दिसलं असेल, असं मनात धरूनच त्यांनी चार ओळी केल्या होत्या. “मला दाखव,” ते म्हणाले. “ती बाई मला दाखव.”

“अकरा मिनिटं लागतात.”

“लागू दे.”

“मधात बोलायचं नाई. आजीले सांगा.”

“मी कायले बोलू?” कुंदाबाई आतून म्हणाल्या, आणि गहू निवडायला सूप घेऊन तिथंच येऊन बसल्या. “मी काय तुह्या आबाजीसारखी लोकायचं बोलणं कापत असतो काय?”

स्पृहानं त्र्याहत्तराव्या दिवसापर्यंत राखून ठेवलेला खेळ उघडला. अंगण, रांग, तीन फटी. तिच्या ठाण्यात नऊ शिपाई उरले होते. तिनं हजेरी घेतली, आणि ती घेताना तिची पाठ ताठ झाली ते नंदकिशोरांनी पाहिलं. त्या नवांतला हवालदार, खेळातला सगळ्यात भरवशाचा माणूस, ज्याच्या प्रेमात ते तीनशे सत्तेचाळीस लोक होते, तो मिशीवर बोट फिरवत उभा होता. दिवस सरला. चौऱ्याहत्तरावा उजाडला. भाजीबाजारामागच्या गोदामाला आदल्या आठवड्यात आग लागून तिथला चौकीदार मेला होता, आणि त्याविषयी काही सांगायला एक म्हातारी येऊन खुर्चीत बसली. तिनं तोंड उघडलं न उघडलं तोच खाली तीन पाट्या उजळल्या : नाव विचारा. मुद्द्यावर आणा. जबाब लिहून अंगठा घ्या.

“इथंच समदे दाबतात,” स्पृहा कुजबुजली आणि तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

त्याच वेळी लाइन गेली. कूलर धापा टाकत थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला, आणि घर्घर बंद झाल्यावर त्या म्हातारीचा आवाज खोलीत आला, जणू ती सुपाच्या पलीकडेच बसली होती. “साहेब, मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधून राह्यलती. माही सून म्हणे, आत्याबाई, घरी चाला. म्या म्हटलं थांब ना, सात जुड्या राह्यल्या. का आठ होत्या, मले आता याद नाई. या डोयानं दिसते साहेब, त्या डोयानं नाई. त्या डोयाचं आपरेशन होनार होतं, मंग माहा भाऊ मेला...” नंदकिशोरांच्या डोक्यात गाळण सुरू झाली. मी भाजीविक्रेती आहे. माझी दृष्टी अधू आहे. त्यांनी ती थांबवायचा प्रयत्न केला. थांबेना. चौतीस वर्षांचं जातं, हात काढला तरी फिरत राहणारं. म्हातारी भावाविषयी बोलली, मग एका कुत्रीविषयी, तिच्या चार पिल्लांविषयी. पाट्या खाली मंद उघडझाप करत होत्या. त्यांच्या उजव्या हाताचं बोट आपोआप टेबलाकडे सरकलं आणि त्यांना आश्चर्य वाटलं, की त्यांनाच ती पाटी दाबायची आहे. मुद्द्यावर आणा. किती सोपं. त्यांनी बोट मुठीत धरलं.

स्पृहा हलत नव्हती. तिच्या मानेवरून घामाचा एक थेंब उतरला तरी तिनं तो पुसला नाही. ऐकताना तिचे ओठ किंचित उघडे होते, आणि कुंदाबाईंचेही तसेच, आणि नंदकिशोरांना पहिल्यांदाच दिसलं, की या दोघी एकसारख्या ऐकतात. पंचेचाळीस वर्षं ज्या बाईच्या बोलण्यातून त्यांनी फक्त भाजी आणल्याचं घेतलं, तिच्याजवळ बसून या पोरीनं सुट्ट्यांमागून सुट्ट्या काढल्या होत्या. कुंदाबाईंची गोष्ट जिथं संपेल तिथं संपू देत. म्हातारी आता चौकीदाराविषयी सांगत होती. तो रोज संध्याकाळी यायचा आणि भाकरीसंगं खायला एक हिरवी मिरची मागायचा. एकच. दोन दिल्या तर एक परत ठेवायचा. मग म्हातारी गप्प झाली. पडद्यावर ती भांड्यातलं पाणी प्याली, हळूहळू, आणि गप्पच बसली. पाट्या लख्ख उजळल्या. सगळं संपलं असं वाटावं इतका वेळ गेला. बाहेर कोणाच्या तरी अंगणात बादली आपटली. कुंदाबाईंच्या हातातलं सूप थांबलेलं होतं. आणि मग म्हातारी खाली बघत म्हणाली, “त्या दिशी थो मिरची मांगाले आला नाई. तुमचा हवालदार आला. मले म्हणे, बुढे, आज लवकर उठ.”

पाट्या विझल्या. म्हातारी उठली, खुर्ची रिकामी राहिली, आणि बराच वेळ नुसती खुर्चीच दिसत राहिली. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीत हवालदाराचं नाव पुकारायच्या आधीच तो रांगेतून एक पाऊल पुढं आला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बाकीचे आठ त्याच्याकडे बघत होते. नंदकिशोरांनी वाचलेल्या दोनशे मतांत हे कुठंच नव्हतं. एवढ्या माणसांनी हा खेळ खेळला, त्यावर भांडले, रडले, रागावले, आणि हे त्यांच्या हाताशी असून कोणाला दिसलं नाही. दिसलं ते एका पोरीला, कारण म्हाताऱ्या बाईला मधात तोडायचं नसतं असं तिला वाटत होतं.

“बाप्पा,” कुंदाबाई हळूच म्हणाल्या. “थो मिशीवाला?”

“हाव,” स्पृहा म्हणाली. “मलेही लई वाईट वाटलं होतं.” मग ती आबाजींकडे वळली. “आता पटलं?”

नंदकिशोरांनी मान हलवली. “स्पृहा, ते लोक तुला लबाड म्हणतात ते त्या बाईमुळं नाही. माझ्यामुळं. तुझ्या कागदावर जे होतं ते मी काढून टाकलं आणि माझं लिहिलं. ती भाषा तुझी नाही हे त्या माणसानं बरोबर ओळखलं. मी... तेव्हा माझाही विश्वास नव्हता.”

ती रागावली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. “म्हणजे तुमच्यामुळे मी खोटी ठरली,” ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

“हो.”

नंदकिशोरांना वाटलं, आता रुपीबाईचंही सांगावं, गाईचं, वासराच्या चांदाचं. आणि त्यांनी ते सांगितलं. शुद्ध भाषेत सुरू केलं आणि तिसऱ्या वाक्याला ते तिच्या बोलीत घसरले, जिथं ती थांबली होती तिथं तेही थांबले. रामरावाला काय झालं तेही सांगितलं, आणि अंगठ्याचं सांगितलं. कोणी मध्ये बोललं नाही. सांगून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं नाही. उलट, इतकी वर्षं दोन ओळींएवढी असलेली गोष्ट आता खोलीएवढी झाली होती, आणि ते तिच्यात बसले होते.

“मी खाली लिहितो,” ते म्हणाले. “की चूक माझी होती. माझ्या नावानिशी.”

“नको. तुम्ही लिहाल त थेही कंपनीवाल्यायचंच वाटन.”

“मग आता त्या बाईचं मोबाइलवर चित्रण घे. पुरावाच टाक.”

स्पृहानं नाक मुरडलं. “चित्रण टाकलं त लोक पुढं ढकलत ढकलत पाहतीन. मिरचीपर्यंत कोणी यायचंच नाई.”

“मग काढून टाकतेस?” त्यांनी विचारलं. एवढंच विचारायला त्यांनी सगळी दुपार घालवली होती.

“सरका,” ती म्हणाली, आणि त्यांची खुर्ची स्वतःकडे ओढून घेतली. त्या चार ओळी उघडल्या, शेवटच्या शब्दाशी जाऊन बोट ठेवलं आणि एकेक अक्षर मागं खात गेली. संयम गेला, सबब गेली, निवेदन, उपस्थित, सदर. पांढरं झालं. त्या पांढऱ्याकडे तिनं थोडा वेळ बघितलं, मग भाषा पोरीची नाही म्हणणाऱ्या त्या माणसाचं वाक्य वर उतरवून त्याच्या खाली लिहिलं, “दादा, तुमचं अर्धं बरोबर हाय. भाषा माही नोती, माह्या आबाजीची होती. पण बसून आइकलं मी.” तिथं ओळ तोडून ती पुढं लिहीत गेली, दीड पानाहून जास्त, तोंडानं पुटपुटत, आणि नंदकिशोरांना एका जागी ‘मग’ तीनदा लागोपाठ आलेला दिसला, आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. झाल्यावर तिनं ते कोणाला वाचून दाखवलं नाही. पाठवलं. उत्तर येतंय का ते बघायलाही थांबली नाही. पान खाली खाली सरकवत ती तळाशी गेली, जिथं या खेळाविषयी कोणीतरी सगळ्यात पहिल्यांदा बोललं होतं, दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, आणि तिथपासून एकेकाचं वाचायला लागली.